नाण्यांच्या दुर्रीवर १७६० छापलंय, मग कॅट १७६० सालचा धरायचा का?

मधलंपान:

नमस्कार. पत्त्यांचा नाद जुना आहे, पण टॅरोच्या (भविष्यालाही वापरतात त्या ७८ पानी युरोपी पत्त्यांच्या) बाबतीत मी अगदी नवखी आहे, म्हणून इथल्या जाणकारांना विचारते.

जुन्या फ्रेंच पुस्तकांची काही खोकी लिलावात घेतली होती. त्यातल्या एकाच्या तळाशी फडक्यात बांधलेला टॅरोचा कॅट निघाला. पानं ७७ भरली. लावून पाहिली तेव्हा कळलं की तलवारींची दश्शी नाही. बाकी सगळं जागेवर आहे: पेले, नाणी, तलवारी, दंडुके या चारही प्रकारांची पानं आणि २२ चित्रपानं.

नाण्यांच्या दुर्रीवर नागमोडी फीत आहे, तिच्यावर निकोला कॉनव्हेर हे नाव आणि १७६० हे साल. रथाच्या पानावर व्ही आणि टी अशी रोमन अक्षरं. तेराव्या पानावर विळा चालवणारा सांगाडा आहे, त्याला आकडा आहे पण नाव नाही. उलट गाठोडं घेऊन निघालेल्या वेड्याच्या पानावर नाव आहे, आकडा नाही. रोमन नऊ आणि चौदा शाळेत शिकलो तसे नाहीत, शेवटी चार उभ्या रेघा मारल्यात. लाल आणि निळा रंग बऱ्याच ठिकाणी रेघेबाहेर गेलाय. कोपरे चौकोनी आहेत. सूर्याच्या पानावर डावीकडे चहाच्या रंगाचा मोठा डाग आहे.

हा कॅट खरंच १७६०चा असेल का? नाव आणि आकडे गाळलेत ते घाईच्या छपाईमुळे का? आणि तो डाग मऊ खोडरबराने काढला तर चालेल का?

खळपुठ्ठा:

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. खोडरबर नको, ओला कापूस नको, काहीजण पावाचा गर चोळतात तोही नको. कारण पुढे येईलच. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या डागातच सापडण्याची बरीच शक्यता आहे.

आता साल. पानावर छापलेलं साल फार तर ठोकळ्याचं असतं, कॅटचं नव्हे. कॉनव्हेर हा मार्सेय शहरातला पत्ते छापणारा. त्याच्या कारखान्यासाठी लाकडी ठोकळे कोरले गेले, त्यांवर १७६० आलं. ठोकळे कोरणं हे महागडं आणि वेळखाऊ काम. एकदा चांगला ठोकळा हाती आला की कारखाना तो झिजेपर्यंत वापरतो. मालक बदलतो, नाव बदलतं, ठोकळे मात्र दुकानासोबत पुढच्याच्या ताब्यात जातात. त्यामुळे कॉनव्हेरची चित्रं १७६० या सालासकट १९व्या शतकातही छापली जात होती, आणि २०व्या शतकात त्यांच्या हुबेहूब प्रतीही निघाल्या. दुसरं उदाहरण याहून बोलकं आहे. पॅरिसच्या ग्रिमो कंपनीने १९३०मध्ये पॉल मार्तोच्या देखरेखीखाली मार्सेय टॅरो काढला. त्याच्या नाण्यांच्या दुर्रीवर १९३० तर आहेच, शिवाय १७४८सुद्धा आहे, आर्नू या जुन्या पत्तेवाल्याच्या नावासकट. कंपनीला आपलं घराणं जुनं असल्याचं दाखवायचं होतं. नेमकी ही १७४८ वाचून १८व्या शतकातला म्हणून विकायला ठेवलेला कॅट मी पाहिलेला आहे.

नाव आणि आकडे घाईत गळलेले नाहीत. तेराव्या पानाला नाव द्यायचं नाही आणि वेड्याला आकडा द्यायचा नाही, ही मार्सेय पद्धतीच्या कॅटची ठरलेली रीत आहे. चार उभ्या रेघांचे रोमन आकडेही त्याच रिवाजातले. रीत मोडणारे विरळा, म्हणून ते लक्षात राहतात: पॅरिसच्या झाँ नोब्लेने १६५०च्या सुमारास केलेल्या कॅटमध्ये तेराव्या पानावर ‘मृत्यू’ असं स्पष्ट छापलेलं आहे. रथावरची अक्षरं जास्त कामाची. नोब्लेच्या रथावर त्याचीच आद्याक्षरं आहेत, कॉनव्हेरच्या रथावर व्ही-टी, ग्रिमोच्या १९३०च्या रथावर एस-एम. म्हणजे तुमच्याकडची चित्रं कॉनव्हेरची आहेत एवढं पक्कं. ती कधी छापली, हे चित्रं सांगणार नाहीत. ते शाई, रंग आणि कडा यांना विचारावं लागेल.

मी छपाईच्या धंद्यात नोकरी केली, खिळे जुळवण्यापासून ऑफसेटपर्यंत. पत्ते जमवायला लागलो तो त्याच सवयीने. कॅट हातात आला की चित्राचा अर्थ नंतर, भिंग आधी.

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि एखाद्या जाड काळ्या रेघेवर धरा. लाकडी ठोकळ्याची रेघ कागदात किंचित दबलेली असते. दाबामुळे शाई दोन्ही कडांना ढकलली जाते, त्यामुळे रेघेची कड गडद आणि मधला भाग जरा फिका दिसतो. बाहेरची चौकट बघा. ठोकळा झिजला की चौकट जागोजागी तुटते. दोन वेगळ्या कॅटमध्ये एकाच पानावर, त्याच जागी तूट सापडली तर दोन्ही एकाच ठोकळ्याचे, आणि ज्यात तूट मोठी तो नंतरचा. पानावर साल नसलं तरी कुठला कॅट आधीचा आणि कुठला नंतरचा, हे असं लावता येतं. मी यात रात्रीच्या रात्री घालवल्या आहेत आणि पुढेही घालवीन.

मग रंग. जुन्या पत्त्यांत रंग ठोकळ्याने छापत नसत, कापलेल्या साच्यातून रुंद ब्रशने भरत. प्रत्येक रंगाला वेगळा साचा. आणि पानं सुटी रंगवत नसत. अख्खा ताव रंगवायचा, सुकवायचा, मग कापायचा. यातून एक फार सुंदर गोष्ट निघते. लाल रंगाचा साचा एखाद्या तावावर दोन मिलिमीटर उजवीकडे सरकला, तर त्या तावावरच्या सगळ्या पानांवर लाल रंग तेवढाच उजवीकडे सरकलेला दिसणार. तुमची ७७ पानं सतरंजीवर पसरा आणि लाल कुठल्या बाजूला गेलाय ते बघून गट करा. हाताने रंगवलेला कॅट असेल तर गट पडतील, आणि एकेका गटातली पानं एकाच तावावरून कापलेली असण्याची शक्यता मोठी. कुठली पानं तावावर शेजारी-शेजारी होती, हे असं घरबसल्या उलगडत जातं.

रेघ आणि रंग दोन्ही जर बारीक ठिपक्यांचे बनलेले दिसले, निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके गोलाकार ओळींत मांडल्यासारखे, तर ती ऑफसेट छपाई. मग १७६० सोडून द्या, कॅट २०व्या शतकातला किंवा त्यानंतरचा. या दोन टोकांच्या मध्ये लिथोचा, म्हणजे दगडावरून होणाऱ्या छपाईचा, काळ येतो. तिथे ठिपके असले तरी अनियमित असतात, रेघ कागदात दबलेली नसते आणि ब्रशचे फराटे दिसत नाहीत.

आता पान कडेने बघा. जुना पत्ता म्हणजे खळीने चिकटवलेले कागदाचे थर. पुढे छापायचा चांगला कागद, मध्ये बहुधा करडा हलका कागद, मागे नक्षीचा. कोपरा जरा भुगा झालेला असेल तर थर उलगडलेले दिसतात. (इटलीतल्या जुन्या पत्त्यांत मागचा कागद मोठा कापून त्याच्या कडा पुढच्या बाजूला दुमडून चिकटवत. पानाला आपोआप चौकट मिळायची आणि थर सुटायचे नाहीत. अशी दुमडलेली कड बोटाला लागते.)

चौकोनी कोपऱ्यावरून फार काही ठरवू नका. गोल कोपरे १९व्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाले, म्हणून गोल कोपरा हा नंतरच्या काळाचा चांगला पुरावा. चौकोनी कोपरा मात्र प्रत काढणाराही कापतो.

शेवटी, नोटा तपासायचा अतिनील दिवा मिळतो, तो अंधाऱ्या खोलीत पानावर धरा. कागद निळसर पांढरा झळकला तर त्यात उजळ करणारं रसायन आहे, आणि ते कागदात सर्रास आलं दुसऱ्या महायुद्धानंतर. झळकला नाही तर मात्र लगेच जुना म्हणून मोकळं होऊ नका.

आणि सूर्यावरचा तो डाग त्याच भिंगाखाली बघा. एवढं करून कळवा.

किलवरचा_एक्का:

सरकारं पत्त्यांवर कर घेत, तो विषय वर आला नाही, तो मी घेतो. मला स्वतःला टॅरोपेक्षा साध्या ५२ पानांच्या कॅटमध्ये जास्त रस आहे, आणि तिथे साल ठरवायला कराच्या शिक्क्याइतकं भरवशाचं काही नाही.

इंग्लंडमध्ये १७६५पासून इस्पिकचा एक्का सरकारी कचेरी छापायची. पत्तेवाल्याने बाकीची पानं करायची आणि कर भरून एक्के न्यायचे. १८२८ ते १८६२ या काळातला इस्पिकचा एक्का तर इतका वेलबुट्टीदार आहे की एकदा पाहिल्यावर विसरायचा नाही. त्याच्याही आधी, १९व्या शतकाच्या सुरुवातीला, इस्पिकचा एक्का खोटा छापणं हा फाशीचा गुन्हा होता, आणि रिचर्ड हार्डिंग नावाच्या पत्तेवाल्याला १८०५मध्ये त्यासाठी खरोखर फासावर चढवलं. फ्रान्समध्ये किलवरच्या एक्क्यावर १२ एप्रिल १८९०च्या आदेशाचा उल्लेख असलेला शिक्का दिसला की कॅट १८९० ते १९४५मधला. जर्मनीत १८७९पासून बदामच्या एक्क्यावर साम्राज्याचा शिक्का, ३६ किंवा कमी पानांना ३० फेनिग आणि त्याहून मोठ्या कॅटला ५०. इटलीतला कर १९७२पर्यंत टिकला.

टॅरोतलं माझं आवडतं उदाहरण लियाँच्या झाँ दोदालचं, १८व्या शतकाच्या सुरुवातीचं. त्याच्या काही पानांवर ‘परदेशासाठी बनवलेलं’ अशा अर्थाची फ्रेंच अक्षरं आहेत. देशाबाहेर जाणाऱ्या मालाला कराची सूट होती, म्हणून ती थेट ठोकळ्यातच कोरली. कुणी त्यात गूढ शोधतं. ती जकातीची खूण आहे.

मधलंपान, दुसऱ्या कुठल्या पानावर शिक्का, सही, अर्धवट पुसलेलं गोल चिन्ह काही आहे का, तेवढं बघून ठेवा.

सहजविचार:

मी बरीच वर्षं टॅरो भविष्यासाठी वापरते आहे. आम्हाला शिकवताना सांगितलं गेलं की ही चित्रं प्राचीन इजिप्तच्या पुजाऱ्यांची. इथे सगळे ठोकळे आणि कर यांवर बोलताहेत. मग इजिप्तचं काय? आणि पत्ते मुळात भारतातून गेले असंही ऐकलंय. विरोधासाठी विचारत नाही, मनापासून जाणून घ्यायचंय.

खळपुठ्ठा:

विचारलंत ते फार बरं केलंत. जुने कॅट जमवणाऱ्या प्रत्येकाला या प्रश्नातून जावंच लागतं.

इजिप्तची गोष्ट कधी सुरू झाली याची तारीख आपल्याकडे आहे: १७८१. आंत्वान कूर द जेबलाँ या फ्रेंच विद्वानाने आपल्या ग्रंथमालेच्या आठव्या खंडात लिहिलं की टॅरो म्हणजे इजिप्तचा लपवून ठेवलेला ग्रंथ. तेव्हा इजिप्तची चित्रलिपी कुणालाच वाचता येत नव्हती. शांपोल्याँने ती उलगडली १८२२मध्ये, म्हणजे चाळीस वर्षांनी. जेबलाँनंतर काही वर्षांतच एत्तेइया या नावाने भविष्य सांगणाऱ्या झाँ-बातिस्त आलिएतने खास भविष्यासाठी चित्रं बदललेला कॅट काढला. तुम्ही वापरता त्या परंपरेचा उगम इथे आहे. तीही आता दोन शतकांहून जुनी आहे, तिचे कॅट जमवणारे वेगळे संग्राहक आहेत, आणि त्या कॅटचा अभ्यास व्हायलाच हवा. फक्त त्याच्या आधी साडेतीनशे वर्षं ही पानं काय करत होती, हे झाकलं जाऊ नये.

ती खेळली जात होती. युरोपात पत्त्यांचे पक्के उल्लेख १३७०च्या दशकात सुरू होतात. १३७७मध्ये फ्लोरेन्समध्ये पत्त्यांवर बंधन घालणारा ठराव झाला. पेले, नाणी, तलवारी ही चिन्हं आली मामलुकांच्या, म्हणजे इजिप्तवर तेव्हा राज्य करणाऱ्या मुस्लिम सुलतानांच्या काळातल्या, पत्त्यांतून. त्यांचा एक देखणा संच इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात आहे, ५२ पैकी ४७ पानं उरलेली, माणसाचं एकही चित्र नाही, सोनेरी-निळी नक्षी आणि अक्षरं. दंडुक्यांच्या जागी तिथे पोलोच्या काठ्या आहेत.

टॅरो यानंतरचा. उत्तर इटलीत, १४४०च्या आसपास. १४४०ची फ्लोरेन्सची एक नोंद आहे, १४४२मध्ये फेरारातल्या एस्ते दरबाराच्या हिशेबात या पानांचा खर्च आहे. कुणीतरी चार प्रकारांच्या कॅटला चित्रांची एक माळ जोडली: बाजीगर, सम्राट, पोप, प्रेम, मृत्यू, सूर्य, जग. आपण खेळतो ना, उतरलेल्या प्रकारचं पान हातात नसेल तर हुकूम मारायचा आणि हात घ्यायचा? टॅरोतली २१ चित्रपानं म्हणजे कायमचा हुकूम, डावागणिक न बदलणारा. आकडा मोठा तो वरचढ. वेडा हा बाविसावा, तो हुकूमही नाही आणि साधं पानही नाही. नको तेव्हा तो टाकून आपलं चांगलं पान वाचवायचं. ऑक्सफर्डमधला तत्त्वज्ञ मायकेल डमेटने १९८०मध्ये या खेळाचा सविस्तर इतिहास मांडला, त्यानंतर या बाबतीत शंकेला फारशी जागा उरलेली नाही. मध्य युरोपात ५४ पानांचा टॅरो आजही खेळतात.

खेळ होता म्हणूनच चित्रं गावागणिक बदलली. फ्रान्समधल्या बेझाँसाँ गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीच्या कॅटमध्ये पोप आणि स्त्री-पोप काढून तिथे जुपिटर आणि जूनो हे रोमन देव-देवी आणले. बेल्जियमच्या बाजूला स्त्री-पोपच्या जागी स्पॅनिश कप्तान आणि पोपच्या जागी पिंपावर बसलेला मद्याचा देव बाखूस. बोलोन्यात १७२५मध्ये एका धर्मगुरूने पत्त्यांवर भूगोल छापला, त्यात बोलोन्याच्या राज्यव्यवस्थेला ‘मिश्र’ म्हटलं, आणि तिथे सत्ता पोपची असल्याने पोपच्या प्रतिनिधीने त्याला अटक केली. त्या प्रकरणानंतर तिथे पोप-सम्राटांची चार पानं जाऊन चार मूर (उत्तर आफ्रिकेतले मुसलमान) आले. म्हणून बोलोन्याच्या कॅटमध्ये मूर दिसले तर कॅट १७२५नंतरचा. फ्लोरेन्सवाल्यांनी तर हुकूम वाढवत वाढवत ९७ पानांचा मिंकियाते केला.

भारताचं म्हणाल, तर आपली गंजिफा (पत्त्यांचा जुना खेळ) आणि मामलुक पत्ते यांत दिसणारं नातं खरं आहे. मामलुक कॅटमध्ये प्रत्येक प्रकारात राजा आणि त्याचे नायब, गंजिफात राजा आणि प्रधान, दोन्हीकडे राणीचा पत्ता नाही. बाबराने १५२७मध्ये गंजिफाची पानं भेट पाठवल्याची नोंद त्याच्याच आठवणींत आहे. मात्र ही नोंद युरोपातल्या पत्त्यांनंतर दीडशे वर्षांची, त्यामुळे ‘भारतातून तिकडे गेले’ असं तिच्यावरून म्हणता येत नाही. दोन्हींचं मूळ इराणच्या बाजूला शोधणारे अभ्यासक बरेच आहेत. आणि २२ चित्रपानं या दोघांतही नाहीत, ती इटलीची.

एक गोष्ट इथे सांगून टाकतो, कारण नव्या अभ्यासकाची यात हमखास फसगत होते. मिलानच्या व्हिस्कोन्ती-स्फोर्झा घराण्यासाठी १५व्या शतकात हाताने रंगवलेला, सोन्याचा वर्ख लावलेला जो प्रसिद्ध कॅट आहे, त्याची ७४ पानं उरली आहेत. ३५ न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत, २६ बेर्गामोच्या कारारा संग्रहालयात, १३ बेर्गामोच्याच एका घराण्याकडे. सैतान, मनोरा, तलवारींची तिर्री आणि नाण्यांचा घोडेस्वार ही चार पानं नाहीत. बाजारात मिळणाऱ्या प्रतींत मात्र ७८ पानं असतात, कारण ती चार आजच्या चित्रकारांनी काढून भरलेली आहेत. त्यांतला सैतान दाखवून ‘१५व्या शतकात सैतान असा काढत’ असं लिहिलेलं मी पुन्हा पुन्हा वाचतो. उरलेल्या ७४मध्येही सहा पानं दुसऱ्या, नंतरच्या हाताची आहेत, बल, संयम, तारा, चंद्र, सूर्य आणि जग. चेहरे शेजारी ठेवून बघा, फरक लगेच दिसतो.

कोरडाकागद:

मी कागद-संवर्धनाचं काम करते, म्हणून साठवणीचं थोडक्यात सांगते. पानांना रबरबँड लावला असेल तर लगेच काढा, तो वितळून पानाला चिकटतो. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पाकिटांत काही ठेवू नका. आम्लमुक्त कागदाची घडी, आम्लमुक्त खोकं, पानं आडवी, वर वजन नाही. ओलाव्यापेक्षाही ओलाव्याचे चढउतार वाईट, कारण खळीचे थर वेगवेगळ्या वेगाने फुगतात आणि पान वाकतं. वाकलेलं पान उलटं दाबून सरळ करू नका, मधला थर फाटतो. खळीला कसर लागते, म्हणून खोकं वरचेवर उघडून बघत जा.

फोटो काढताना दोन्ही बाजू, शेजारी पट्टी ठेवून, आणि एक फोटो तिरप्या उजेडात. ठोकळ्याचा दाब आणि मागची दुमडलेली कड तिरप्या उजेडातच कळते.

मधलंपान:

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितलं तसं केलं.

भिंगाखाली रेघेतही ठिपके आहेत आणि रंगातही. गोलाकार ओळींत मांडलेले, अगदी वर्णन केलं होतं तसे. डागही ठिपक्यांचाच आहे! बोट फिरवलं तर पृष्ठभाग एकसारखा गुळगुळीत. म्हणजे तो डाग या पानावर पडलेलाच नाही, तो छापलेला आहे. दिव्याखाली कागद पांढराशुभ्र झळकला. शिक्का कुठेच नाही.

पण एक कळलं नाही. लाल रंगाच्या दिशेने गट करून पाहिले, तर गट पडले. बरीच पानं डावीकडे सरकलेली, काही खाली, थोडी अगदी जागच्या जागी. ऑफसेट असेल तर गट कसे पडले?

खळपुठ्ठा:

कारण तुमच्याकडे जी प्रत आहे ती कुणी नव्याने काढलेल्या चित्रांची नाही. एका खऱ्या जुन्या कॅटचे फोटो घेऊन, डाग न पुसता, छापलेली आहे. साच्याचं सरकणं त्या मूळ कॅटमधलं आहे आणि ते जसंच्या तसं उतरलंय. गट तुम्ही पाडलेत ते त्या जुन्या कारखान्यातल्या तावांचे.

वाईट वाटून घेऊ नका. अशी प्रत अभ्यासाला फार मोलाची. ‘स्वच्छ’ केलेल्या प्रतींत रंग रेघेच्या आत बसवतात, तुटलेली चौकट जोडतात, डाग काढतात, आणि मी वर सांगितलेलं सगळं त्यासोबत पुसलं जातं. मूळ कॅट असता तर तुम्ही तो सतरंजीवर पसरायला दहा वेळा विचार केला असता, आणि करायलाच हवा. हा खुशाल हाताळा, रोज हाताळा.

एका विक्रेत्याकडे १९व्या शतकातला बेझाँसाँ कॅट मी पाहिला होता. चित्रपानं एकेक करून चौकटीत घातलेली, भिंतीवर सुटी विकायला. आकड्यांची पानं खाली टोपलीत, मूठभर घ्या. मी टोपलीतली सगळी उचलली, पण तोवर जूनो एकीकडे गेली होती आणि जुपिटर दुसरीकडे. त्या कॅटचे ताव आता कुणालाच जुळवता येणार नाहीत. म्हणून कळकळीने सांगतो, सुटी चित्रपानं सजावटीसाठी विकत घेऊ नका, आणि अपुरा कॅट मिळाला तर तो अपुराच, पण एकत्र ठेवा. तुमच्या ७७ पानांत दुसऱ्या कॅटची दश्शी घालून ७८ करायचा मोह होईल. घालायचीच तर वेगळ्या पाकिटात, चिठ्ठी लावून.

आता खरं काम. तुमची प्रत नेमक्या कुठल्या मूळ कॅटवरून काढली? पॅरिसचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि ब्रिटिश म्युझियम यांनी आपल्या जुन्या कॅटचे फोटो सगळ्यांसाठी खुले ठेवलेत. कॉनव्हेरच्या नावाखाली जे जे सापडेल ते उघडा, प्रत्येकात सूर्याचं पान काढा आणि डावीकडे तो डाग आहे का बघा. डाग जुळला की चौकटीतली तूट आणि लाल रंगाची दिशा आणखी चार-पाच पानांवर ताडून घ्या. सगळं जुळलं तर तलवारींच्या दश्शीचंही मूळ चित्र तुम्हाला तिथेच मिळेल.

तोवर नाण्यांची दुर्री, सूर्य आणि कुठल्याही एका पानाची मागची बाजू, अशा तीन पानांचे फोटो इथे टाका, पट्टी ठेवून. मागच्या नक्षीवरून आणि पानाच्या मापावरून ही प्रत कुणी काढली ते शोधता येईल, माझ्याकडे काही प्रतींच्या नोंदी आहेत.

मधलंपान:

आज रात्री टाकते. तिरप्या उजेडातलाही एक काढते.